सोलापूर ते लेह : आप्पांची गाडी, धाकट्याचं विमान आणि आमची रेल्वे

भांडण लागलं जानेवारी २०२४ मध्ये, गड्डा यात्रेसाठी धाकटा भाऊ पुण्याहून आला तेव्हा. आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, लडाखमधल्या द्रासचं कारगिल युद्धाचं स्मारक बघायचं होतं. वय ६८, एसटीत चौतीस वर्षं ड्रायव्हर. तिथवर जातोयच तर लेहही करू, असं ठरलं. जायचं यावर घरात एकमत होतं. कसं जायचं यावर तीन पक्ष पडले. धाकटा म्हणे विमान, आप्पा म्हणत आपली गाडी, मी म्हणत होते रेल्वे. आई म्हणाली, मी आणि माझे गुडघे घरीच बरे, फोटो पाठवा.

हे सगळं तेव्हाच लिहायचं होतं, राहून गेलं. आता शाळेतल्या दोघी-तिघींनी "तुम्ही वडिलांना घेऊन कसं जमवलं" म्हणून विचारलं, तर एकदाच सविस्तर लिहून टाकते. दर आणि गाड्या तेव्हाच्या आहेत, त्या बघून घ्या.

आप्पांचा मुद्दा अगदीच हवेतला नव्हता. आपल्या सोलापुरातून जाणारा ५२ नंबरचा राष्ट्रीय महामार्ग बीड, संभाजीनगर, धुळे, इंदूर, कोटा, जयपूर, हिसार करत पार पंजाबात संगरूरला जातो. "दारातला रस्ता पंजाबात जायलाय, आन् तू तिकिटं काढत बसलीस होय?" मग मी वही काढली. एका बाजूचं अंतर पावणेतीन हजार किलोमीटरच्या घरात. दिवसाला साडेचारशे-पाचशे धरले तरी सहा दिवस, येऊन-जाऊन बारा. पेट्रोल शंभरीपार, म्हणजे एका बाजूचं अठरा हजारांचं. टोल वेगळा, वाटेतले मुक्काम वेगळे. मी शिक्षिका. ७ मेला निवडणुकीची ड्यूटी, १५ जूनला शाळा सुरू. मधल्या दिवसांतले बारा दिवस नुसते स्टिअरिंगवर घालवायचे हे परवडणारं नव्हतं. दुसरं कारण मी बोलले नाही. काश्मीरमधून लडाखला जाताना लागणाऱ्या झोजिलाच्या खिंडीत मला आप्पांच्या हातात गाडी द्यायची नव्हती. सुट्टी पुरत नाही, एवढंच त्यांना सांगितलं.

धाकट्याचं म्हणणं, पुण्यातून रात्री निघायचं, दिल्लीत विमान बदलायचं, सकाळचा चहा लेहमध्ये. तेव्हा सोलापूरकराला विमान म्हणजे पुणं नाहीतर हैदराबाद. विमानांच्या वाटेत येणारी साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ ला पाडली खरी, पण सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावरून गोव्याचं विमान सुरू व्हायला जून २०२५ उजाडला. तरी पुणं काही लांब नाही, आणि मीही मनातून विमानाकडे झुकले होते. आप्पांच्या वयाला तीन दिवसांचा प्रवास कशाला, असंच वाटत होतं.

हे चित्र उलटं केलं आमच्या डॉक्टरांनी. आप्पांना बीपीची गोळी चालू आहे म्हणून मार्चमध्ये त्यांना विचारायला गेलो. ईसीजी, हिमोग्लोबिन वगैरे बघून झाल्यावर त्यांनी विचारलं, "जाणार कशाने?" मी म्हटलं विमानाने, त्रास नको म्हणून. ते हसले. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे-पावणेपाचशे मीटरवर, लेहचा विमानतळ ३,२५६ मीटरवर. तिथे हवेचा दाब आपल्याकडच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास, म्हणजे प्रत्येक श्वासात ऑक्सिजनही तेवढाच. विमानात दाब सांभाळलेला असतो, म्हणून आत काही कळत नाही. दार उघडलं की एकदम तीन हजारांच्या वर. शरीर जुळवून घेतं, श्वास वाढवतं, लघवीवाटे क्षार टाकून रक्ताचा तोल सावरतं, पण त्याला दोन-तीन दिवस लागतात. "आणि याचा तब्येतीशी फार संबंध नाही. व्यायाम करणाऱ्या तरुणालाही होतं. किती उंच गेलात यापेक्षा किती घाईने गेलात, ते महत्त्वाचं."

घरी येताना मनात पक्कं झालं. जाताना जमिनीवरून, हळूहळू. येताना विमान चालेल, कारण उतरायला शरीराला काही त्रास नसतो. धाकटा ऐकेना, त्याला रजा आठच दिवस होती. मग ठरलं की ज्याने त्याने आपापल्या वाटेने यायचं आणि १ जूनला लेहमध्ये भेटायचं.

मनालीकडून जायचं की श्रीनगरकडून, यात एक रविवार गेला. मनालीकडचा रस्ता देखणा म्हणतात, पण त्यात बारालाचा, तंगलंग ला अशा पाच हजारांच्या आसपासच्या नि वरच्या खिंडी आहेत आणि मधला मुक्काम बरेच जण सरचूला करतात, ते ४,२९० मीटरवर. झोपायला लेहपेक्षाही उंच! श्रीनगरकडून पायऱ्यांसारखं आहे. श्रीनगर साधारण १,६०० मीटर, झोजिला ३,५२८, मग पुन्हा खाली उतरून कारगिल २,७०० च्या आत. रात्र तिथे काढायची. दुसऱ्या दिवशी फोटू ला, ४,१०८, वाटेतली सगळ्यात उंच जागा, आणि मग लेह. द्रासही याच वाटेवर. वयस्कर माणूस बरोबर असेल तर माझ्या मते दुसरा विचारच करू नये.

रेल्वेचं आरक्षण तेव्हा १२० दिवस आधी उघडायचं (आता ६० दिवस). २७ मेची कर्नाटक एक्सप्रेस हवी म्हणून जानेवारीअखेरीस सकाळी आठ वाजता मोबाइल घेऊन बसले होते. तेव्हा विमानाचं ठरायचं होतं, पण तिकीट रद्द करता येतं, नसलेलं मिळत नाही. ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंदच आहे. खालचा बर्थ तेवढा वयामुळे मिळाला. थर्ड एसीला माणशी दोन हजारांच्या आत.

२७ मे, सोमवार. सकाळी सोलापूर स्टेशन. मी, नवरा आणि आप्पा. सामानात कडक भाकऱ्यांची चवड आणि शेंगा चटणीची चार पाकिटं, दुकानातून सील करून आणलेली. ही पाकिटं लक्षात ठेवा.

दुसऱ्या दिवशी नवी दिल्लीत उतरलो तर बाहेर भट्टी. त्या आठवड्यात दिल्लीत उष्णतेची लाट होती आणि सोलापूरच्या उन्हात वाढलेले आम्ही तिघं गप्प झालो. जम्मूची गाडी रात्री होती. मधला सगळा दिवस स्टेशनवरच ताशी पैसे भरून बसायच्या एसी जागेत काढला. माणशी दीड-दोनशे जास्त गेले, पण बाहेर हिंडलो असतो तर आप्पा तिथेच आजारी पडले असते.

२९ मे, पहाटे जम्मू. इथे माझ्या प्रीपेड सिमने मान टाकली. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं. नवऱ्याचं पोस्टपेड होतं म्हणून निभावलं. निघायच्या आधी घरातला एक तरी नंबर पोस्टपेड करून घ्या.

जम्मूहून शेअर सुमोने बनिहाल, माणशी सातशे. बनिहालहून श्रीनगरला रेल्वे मिळते आणि मला तीच हवी होती. दुपारची गाडी गाठू असा हिशेब होता. तो रामबनजवळ मोडला. वरून दगड येत होते म्हणून रस्ता बंद. तीन तास एका जागी, समोर ट्रकांची रांग, खाली चिनाब. आप्पा खाली उतरून ट्रक ड्रायव्हरांत मिसळले. भाषेचा प्रश्नच आला नाही. ब्रेक, गिअर, डिझेल, पगार, सगळं हिंदी-मराठीत चाललं होतं. मी मात्र पुढच्या गाडीच्या काळजीने घड्याळ बघून बघून थकले. दुपारची चुकलीच. संध्याकाळची मिळाली. या टप्प्यावर कधीही वेळेची पैज लावू नका, त्या दिवशी पुढे काहीही ठरवू नका.

ती रेल्वे मात्र विसरणार नाही. तिकीट माणशी शंभराच्या आत. बनिहाल सोडलं की गाडी पीर पंजालच्या बोगद्यात शिरते. ११ किलोमीटरचा बोगदा, २०१३ साली सुरू झालेला. खिडकीत नुसता काळोख आणि आपलंच तोंड. आणि बाहेर पडल्यावर सपाट हिरवी शेतं, पाण्याने भरलेली, कडेला सरळसोट पॉप्लरची झाडं. हवेत पांढरं काहीतरी तरंगत होतं. मी म्हटलं बर्फ? मे महिन्यात? ती पॉप्लरची म्हातारी, मे अखेरीस उडते. आप्पा म्हणाले, "गिरणीत कापूस उडायचा, तसंच की गं." त्यांचं लहानपण गिरणीच्या चाळीत गेलेलं. (जून २०२५ पासून कटऱ्याहून थेट श्रीनगरला वंदे भारत जाते, चिनाबच्या पुलावरून. म्हणजे आमची सुमो आणि रामबनचे तीन तास आता टाळता येतात.)

३० मेला श्रीनगरमध्ये मुद्दाम काहीच केलं नाही. दल सरोवराच्या काठाने थोडं फिरलो. त्या दिवशी डॉक्टरांनी दिलेली गोळी सुरू केली, अ‍ॅसिटाझोलामाइड. तिला सगळे डायमॉक्स म्हणतात. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर ही चालत नाही, म्हणून दुकानातून परस्पर घेऊ नका. तिच्या दोन गोष्टी कोणी सांगत नाही. बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, आणि सोडा, कोल्ड्रिंक एकदम बेचव लागतं. आप्पांनी लिंबू सोडा मागवला आणि दुकानदाराशी वाद घातला की यात गॅसच नाही. शिवाय लघवीला सारखं जावं लागतं. पुढे घाटात याचा फटका आम्हा बायकांना जास्त. दिसेल त्या स्वच्छतागृहाशी गाडी थांबवायची, लाजायचं नाही.

३१ मे. पहाटे साडेपाचला टॅक्सी, श्रीनगर ते लेह, मध्ये कारगिलला मुक्काम, १९,००० रुपये. एवढं माहीत असू द्या की श्रीनगरची टॅक्सी तुम्हाला लेहला सोडू शकते, पण लेहच्या पुढे नुब्रा खोऱ्यात किंवा पँगाँग सरोवराला जायला तिथलीच टॅक्सी घ्यावी लागते. दोन्हीचा खर्च आधीच धरा.

आप्पा पुढच्या सीटवर. सोनमर्ग मागे पडलं आणि झोजिलाचा चढ लागला. रस्ता म्हणजे डोंगराच्या कुशीत खरवडलेली मातीची पट्टी, एका बाजूला बर्फाची भिंत, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. वितळलेलं पाणी रस्त्यावरून वाहत होतं. मी दोनदा ओकले. ते उंचीमुळे नाही, वळणांमुळे. ती सवय मला तुळजापूरच्या घाटापासून आहे. डोळे मिटून घेतले होते, पण आप्पांचा आवाज येत होता. "सेकंडवरच ठेव. हां. आता दम टाकायलीय बघ." विरळ हवेत इंजिनालाही ऑक्सिजन कमीच पडतो, ते त्यांना गाडीच्या आवाजावरून कळत होतं. ड्रायव्हर कारगिलचा, पंचविशीतला. त्याने हसून विचारलं, चाचा, आप चलाओगे? मी डोळे उघडले. आप्पा म्हणाले, "नको. तू चांगला चालवायलास." चौतीस वर्षांत त्यांनी दुसऱ्या ड्रायव्हरला असं म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

वर पोचल्यावर भाकरी काढायला पिशवी उघडली आणि दचकले. चटणीची पाकिटं उशीसारखी टम्म फुगली होती. बाहेरचा दाब कमी झाला, आतली हवा सोलापूरचीच. कोविडच्या वेळी घेतलेला ऑक्सिमीटर बरोबर होता. सोलापुरात आप्पांचा आकडा ९८ यायचा, श्रीनगरला ९६, झोजिलावर ८९. पाकीट फुगत गेलं तसा आकडा उतरत गेला. कारगिलला रात्री पाकिटं थोडी बसली आणि आकडा ९३ वर आला. नवऱ्याने तेव्हापासून ऑक्सिमीटर सोडून पाकीटच बघायला सुरुवात केली.

द्रासला दीड तास थांबलो. मागे तोलोलिंगचा डोंगर, पुढे सरळ फरसबंदी वाट, भिंतीवर १९९९ च्या शहिदांची नावं. आप्पा भिंतीपाशी एकेक नाव बोटाने वाचत गेले. आम्ही मागे उभे राहिलो. गाडीत बसल्यावर कारगिल येईपर्यंत ते काही बोलले नाहीत.

१ जूनचा रस्ता सोपा होता. मुलबेखचा दगडात कोरलेला मैत्रेय बुद्ध, फोटू लावर दहा मिनिटं (आकडा ८५, पाकीट फुटायच्या बेतात), लामायुरू, मग सिंधू नदी. संध्याकाळी सहाला लेह.

धाकटा बायको-मुलासह सकाळीच पोचला होता. ३१ च्या रात्री पुण्यातून निघाला, दिल्लीत विमान बदललं, आठ वाजता लेह. एकेका माणसाला एका बाजूचे साडेचौदा हजार. आम्ही साडेचार दिवस आधी निघून दहा तास उशिरा पोचलो, यावर त्याने दारातच आप्पांना चिडवलं. तो चाळिशीच्या आतला, रोज जिमला जाणारा. दुपारी बरं वाटलं म्हणून बाजारात हिंडला आणि शांती स्तूपाच्या पायऱ्याही चढला. रात्री दोन वाजता वहिनीने आमचं दार वाजवलं. डोकं फुटायची वेळ आलीय, तीनदा उलटी झाली. ऑक्सिमीटरवर ७६. भाचा मात्र ठणठणीत झोपला होता.

सकाळी त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथे त्याच्यासारखे पाच-सहा जण ओळीने नळ्या लावून पडलेले, सगळे आदल्या दिवशी विमानातून उतरलेले. दोन तास ऑक्सिजन, गोळ्या, आणि ताकीद: दोन दिवस झोपून राहा, पाणी प्या, दारू नाही, आंघोळीची घाई नाही. चालताना तोल जाऊ लागला, किंवा बसल्या जागी धाप लागून खोकला आला, तर वाट न बघता परत आणा, कारण मग मेंदूत किंवा फुफ्फुसात पाणी झाल्याची शक्यता असते आणि तिथे मुख्य उपाय म्हणजे खाली उतरणं. तशी वेळ आली नाही. ३ जूनच्या संध्याकाळी तो उठून बसला आणि कडक भाकरी मागितली.

त्याची बाजूही सांगते. पडून राहिलेले दोन दिवस धरूनही त्याचा प्रवास आमच्यापेक्षा दोन दिवसांनी कमीच झाला. रजा आठवड्याची असेल तर विमानच घ्यावं लागणार. फक्त पहिले ४८ तास खोलीबाहेर पडायचं नाही, हे तिकिटाबरोबरच ठरवून टाका. त्याने तेवढंच केलं नाही. आणि जमिनीवरून गेलो म्हणून आम्ही अगदी सुखात होतो असंही नाही. पहिल्या रात्री मला झोप लागली नाही. नवऱ्याचा श्वास मध्येच थांबायचा आणि मग मोठ्याने सुरू व्हायचा. मी रात्रभर मोजत बसले. उंचीवर झोपेत असं होतं, हे सकाळी हॉटेलवाल्याने सांगितलं.

पँगाँग आम्ही सोडलं. ते लेहपेक्षा पुष्कळ वर आहे आणि धाकटा नुकताच उठला होता. नुब्रात हुंदरला एक मुक्काम केला, कारण खारदुंग ला ओलांडली की खाली ते लेहपेक्षाही कमी उंचीवर आहे. खिंडीत पंधरा मिनिटांच्या वर थांबलो नाही. भारतीयांना इनर लाइन परमिट २०२१ पासून लागत नाही, पण पर्यावरण शुल्क ऑनलाइन भरून पावती न्यावी लागते. माणशी ४०० आणि वर किरकोळ दिवसाचे. झेरॉक्स तीन-चार काढा, चेकपोस्टवर एक ठेवून घेतात.

नुब्राला निघालो ४ जूनला, म्हणजे लोकसभेच्या मतमोजणीच्या दिवशी. आप्पा सकाळपासून सोलापूरचा निकाल विचारत होते आणि खिंडीपलीकडे आमच्या फोनला रेंज मिळेना. शेवटी हुंदरला हॉटेलच्या स्वयंपाकघरात टीव्ही सापडला. तिथे वाळूत दोन मदारीचे उंट बघायला सगळे गेले, आणि आप्पा आचाऱ्याशेजारी स्टुलावर बसून खालच्या पट्टीत सोलापूर कधी येतं त्याची वाट बघत राहिले.

७ जूनला सगळेच विमानाने परत. लेहहून विमानं बहुतेक सकाळीच उडतात, दुपारी वारं सुटतं. उन्हाने तापलेली विरळ हवा विमानाला पेलत नाही. त्याच वर्षी जुलैअखेर फार तापलं म्हणून लेहची काही विमानं रद्द झाली होती. त्यामुळे दिल्लीहून पुढचं तिकीट लगेचचं काढू नका. आमचं विमान दोन तास उशिरा निघालं, मधे सहा तास ठेवले होते म्हणून काही बिघडलं नाही. लेह-दिल्ली-पुणे मिळून माणशी चौदा हजार. तिघांचा सगळा खर्च एक लाख एकतीस हजार झाला, त्यातले बेचाळीस हजार हेच.

८ जूनला पुण्याहून सोलापूरला एसटी. रेल्वेचं बघू म्हटलं तर आप्पा ऐकेनात, एवढे दिवस दुसऱ्यांच्या गाड्यांत बसलो म्हणाले. मला महिलांचं अर्धं तिकीट, आप्पांना ज्येष्ठांचं अर्धं. पूर्ण तिकीट एकट्या नवऱ्याचं, आणि त्याने ते टेंभुर्णीपर्यंत ऐकवलं.

घरी बॅग उघडली तर लेहला अर्धी पिऊन घट्ट बंद केलेली पाण्याची बाटली मुठीत चुरगळावी तशी आत गेलेली. मी टाकायला निघाले, आप्पांनी काढून घेतली. ती अजून त्यांच्या टेबलावर आहे. खाली चटणीचं एक पाकीट न फोडलेलं सापडलं. फुगा उतरून, सोलापूरहून निघालं होतं तसंच सपाट. आई म्हणाली, "एवढ्या लांब नेलंत आणि परत आणलंत होय?" कात्रीने कोपरा कापला, वास घेतला, आणि रात्री भाकरीबरोबर तीच वाढली.